पकडी राखो

भूरो आज आलाच नाही.
पादऱ्याला भाच्याचं जावळ आहे म्हणे.
मग पेडलवर कोण?
जशुभाईंनी सगळ्या गॅरेजभर नजर फिरवली,
म्हणजे माझ्याकडे पाहिलं.

बाहेर मकरपुऱ्याचा रस्ता, मे महिना, दुपारचे चार.
घरी अकरा किलोचा चक्का टांगलेला, थेंब थेंब गळतोय.
सकाळी सातला भरूच, मुलीकडची मंडळी घड्याळ लावून जेवणारी,
आणि आमच्या क्वालिसचा क्लच
सकाळपासून बसलाय जमिनीला टेकून.

"चप्पल काढो, कुमुदबेन. उघड्या पगने वधारे समजाय."
काढली.
ते वॉशिंग मशीनच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून
गाडीखाली सरकले. बाहेर उरली दोन पावलं,
एका टाचेला ग्रीस,
आणि आवाज.

पंप मारो.
एक, दोन, तीन, चार.
पेडल जातं, परत येत नाही.
अंगठा खाली घालून उचलावं लागतं,
झोपलेल्या पोराला शाळेसाठी उठवावं तसं.
पकडी राखो.
धरलं.
खाली पाना फिरला
आणि माझा पाय होता त्याच्याही खाली गेला.
फुर्र.
"मोटो परपोटो!" खालून आनंदाची बातमी.

तीन पिढ्या बडोद्यात, बाजारहाट गुजरातीत,
भांडणंसुद्धा गुजरातीत,
पण पाय अडकला की तोंडातून मराठीच निघते.
"पाय सोडायचा?"
"सोडा पछी पीशुं. हमणां पकडी राखो."

मध्येच उतरायचं, बॉनेटखालची डबी बघायची.
तेल तळाला गेलं तर सगळं मुसळ केरात.
ओतताना रंगावर सांडू द्यायचं नाही,
ते रंग खातं. डब्यावर लिहिलेलं नाही हे.
मागच्या दिवाळीत एका डॉक्टरांचं बॉनेट खाल्लं,
जशुभाई अजून त्यांच्या गल्लीतून जात नाहीत.

सातव्या खेपेला फोन वाजला.
मुलीचे मामा. केशर की वेलची?
"दोन्ही," म्हणाले मी, आणि पाय उचलला
पाना फिरायच्या आधी.
खाली बारीकसा आवाज झाला,
बशीतून चहा ओढल्यासारखा.
आत गेली. जेवढी काढली तेवढी हवा
माझ्या एका पावलामुळे घरी परतली.

पुठ्ठ्यावरची दोन पावलं हलली नाहीत.
मी वाट पाहत होते.
आमच्यात एवढ्यावर दोन घरांचं बोलणं बंद होतं.

"फरीथी," ते म्हणाले.
एवढंच.

मग बोराएवढे.
मग वाटाण्याएवढे.
मोहरी.
बऱ्याच वेळाने रवा.
खाली हृषीच्या फिशटँकची नळी, तिचं टोक बाटलीत बुडवलेलं,
मला त्यातलं काहीच दिसत नव्हतं,
मला फक्त सांगितलं जात होतं,
आणि मी धरून होते.

कितवी खेप ते मोजलं नाही.
पेडलने एकाएकी
तळव्याला उलट ढकललं.
हलकंच. गर्दीत कुणी "अहो, पाय" म्हणावं, तसं.
मी पुन्हा दाबलं. पुन्हा ते म्हणालं.
"छोडो."
सोडवेना.
"छोडो, बेन. थई गयुं."

रिव्हर्स पडला. दात न खाता.

मग खरंच सोडा आला, गोटीचा.
जशुभाईंनी हात तसेच काळे ठेवून बाटली उजेडात धरली.
बुडबुडे आपापले वर चालले होते,
कुणी पुठ्ठ्यावर झोपलेलं नसताना.
"आमांथी हवा नथी काढवी," ते म्हणाले
आणि एका घोटात अर्धी संपवली.

रात्री ओट्याशी चक्का फेटत उभी होते.
केशर, वेलची, दोन्ही.
हृषी म्हणाला, आत्या, पाय का आपटतेस?
आपटत नव्हते.
डाव्या पायाने फरशी
धरून ठेवली होती.